आमच्या गावातलं बेघर निवारा केंद्र : जे बघितलं ते लिहितेय

एसटी स्टँडच्या बाहेर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. समोरच्या ओट्यावर एक काका तीन महिने झोपायचे, पायाला जखम, जवळ एक बोचकं. नगरपालिकेचं निवारा केंद्र आहे हे मला दुकान इथं असूनही माहीत नव्हतं, एका रिक्षावाल्या दादांनी सांगितलं तेव्हा कळलं. फोन केला तर त्याच संध्याकाळी तिथले काळजीवाहक आले.

काका यायला तयारच नव्हते. त्यांना वाटलं भीक मागतो म्हणून पकडून नेतायत. ही भीती खोटी नाही, 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे आणि रस्त्यावरच्या लोकांना तो आपल्यापेक्षा जास्त माहीत असतो. पण काळजीवाहकांनी ओढाओढ केली नाही, शेजारी बसले, चहा पाजला आणि निघून गेले, दुसऱ्या दिवशी परत आले, परत चहा, आणि तिसऱ्या दिवशी काकाच बोचकं उचलून म्हणाले चला बघून येऊ. माझे पाच स्टार इथेच.

आधार कार्ड नाही म्हणून कुणी अडवलं नाही. नाव विचारून रजिस्टरला लिहिलं, अंघोळ, दाढी, सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग, आणि गादीसोबत एक लॉकर. त्या लॉकरची किल्ली काकांनी करगोट्याला बांधलीय, मी भेटायला गेले तर आधी तीच दाखवली. रस्त्यावर झोपणाऱ्याची पिशवी रात्री डोक्याखालून चोरीला जाते हो, त्यामुळे किल्ली म्हणजे काय ते त्यांनाच कळतं.

आता जे खटकलं ते. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच मोठ्या शहरांसाठी सांगितलंय की लाख लोकवस्तीमागे एक निवारा, तोही वर्षभर 24 तास चालू. हे निवारे ज्यातून निघाले त्या शहरी गरिबांसाठीच्या केंद्र सरकारच्या उपजीविका अभियानाच्या (ते 2024 ला संपलं) नियमात माणशी 50 चौरस फूट जागा होती. इथे गाद्या एकमेकींना चिकटलेल्या, चाळीसेक माणसांना दोनच संडास, आणि बायकांसाठी वेगळी खोली म्हणजे पत्र्याचं पार्टिशन. अनुदान उशिरा येतं म्हणून पगार रखडतात असं कर्मचारी सांगतात, तरी माणसं मनापासून करतात, त्यांना नावं ठेवायची नाहीयेत.

सगळ्यात वाईट वाटलं ते एका ताईंचं. स्वतःशी बोलत फिरायच्या, केंद्राने घेतलं नाही, मानसिक आजाराचं आम्हाला जमत नाही म्हणाले. प्रामाणिकपणे सांगितलं ते बरं केलं, पण मग जायचं कुठं? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम 100 आहे, अशा भटकणाऱ्या व्यक्तीला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं काम पोलिसांचं. मी पोलिसांना मोबाईलवर कलम उघडून दाखवलं तेव्हा हालचाल झाली, आणि हे ज्याला माहीत नाही तो घरी परत जातो. रायगडमधल्या कर्जतला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानींचं श्रद्धा नावाचं पुनर्वसन केंद्र आहे, उपचार करून माणसाला त्याच्या गावी नेऊन पोचवतात, 2018 ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला त्यांना. नगरकडे (आताचं अहिल्यानगर) धामणे डॉक्टर जोडप्याची माऊली नावाची संस्था अशाच बायकांना सांभाळते. पण प्रत्येक गावातून कर्जत किंवा नगर गाठायचं कसं? निवाऱ्यात आठवड्यातून एकदा जरी मानसोपचारवाले डॉक्टर आले तरी खूप फरक पडेल असं मला अगदी मनापासून वाटतं.

एकूण पाचपैकी चार. कोणाला पाठवायचं असेल तर नगरपालिकेत केंद्राचा नंबर मिळतो. संध्याकाळीच फोन करा, रात्री एकच माणूस असतो. आणि वाढदिवसाला तिथे केक नि जुन्या साड्या नेण्याआधी विचारा काय हवंय, मला त्यांनी सांगितलं ते असं : आतले नवे कपडे, साबण, खरजेचं मलम आणि मोठ्या मापाच्या चपला, कारण पाय सुजलेले असतात.