पीव्हीटी की फ्लो: रिझर्व्हायरमधला प्रोजेक्ट निवडताना

पेट्रोलियम इंजिनिअरिंगचं सातवं सेमिस्टर सुरू झालं की ज्युनिअर्सचा ठरलेला प्रश्न येतो: प्रोजेक्ट रिझर्व्हायरमध्येच, म्हणजे जमिनीखालच्या तेल-वायूच्या साठ्यावरच करायचाय, पण पीव्हीटी घेऊ की फ्लो? पीव्हीटी म्हणजे प्रेशर, व्हॉल्यूम, टेम्परेचर; थोडक्यात तेलाचे आणि वायूचे गुणधर्म. दाब उतरला की आकारमान किती बदलतं, विरघळलेला वायू कधी सुटतो, तेल किती दाट होतं. फ्लो म्हणजे तेच तेल खडकाच्या छिद्रांतून विहिरीपर्यंत कसं येतं. अभ्यासक्रमात हे दोन वेगळे पेपर असतात. विहिरीला त्याचा पत्ता नसतो.

सगळ्यांनी घोकलेलं विहिरीच्या उत्पादनाचं सूत्र आठवा. वर पारगम्यता (खडक तेलाला किती सहज वाट देतो), थराची जाडी आणि दाबातला फरक. खाली व्हिस्कॉसिटी म्हणजे तेलाचा दाटपणा, फॉर्मेशन व्हॉल्यूम फॅक्टर म्हणजे बीओ (वर टाकीतलं एक बॅरल तेल खाली साठ्यात किती बॅरल जागा घेतं), आणि मग त्रिज्यांचा लॉग व स्किन (विहिरीलगतच्या खडकातला जादा अडथळा). छेदातले पहिले दोन आकडे पीव्हीटीवाले देतात, खडकाचं सगळं फ्लोवाले बघतात. यातला बीओ किती महागात पडतो ते बघा. खाली छिद्रांत 10 कोटी बॅरल तेल आहे असं धरू. बीओ 1.25 असेल तर वर टाकीच्या हिशोबात ते 8 कोटी बॅरल भरतं. 1.40 असेल तर साधारण 7.14 कोटी. खडकाबद्दलचा एकही आकडा न बदलता 86 लाख बॅरल गेले.

पीव्हीटीचं रोजचं काम दिसायला अगदी साधं. सॅम्पल सेलमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात घ्यायचं, रिझर्व्हायरच्या तापमानाला आणायचं, दाब टप्प्याटप्प्यानं उतरवायचा आणि दर टप्प्याला आकारमान टिपायचं. सुरुवातीला तेल जेमतेम फुगतं. मग वायू सुटायला लागतो आणि ग्राफ एकदम वळतो. तो कोपरा म्हणजे बबल पॉइंट. कागदावर तो कोपरा स्वतःच्या नोंदींतून उमटताना बघण्यात जी मजा आहे ती मला नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये मिळाली नाही. पण त्याआधीची गोष्टही सांगतो. माझ्या पहिल्या रनला एक फिटिंग रात्रभर बारीक गळत होतं. सकाळी दाब घसरलेला, वायू किती उडाला ते सांगता येईना. सॅम्पल बाद, आणि दुसरं मिळायला पाच आठवडे.

खरी अडचण तीच आहे. विहिरीच्या तळाचं सॅम्पल कॉलेजला कोण देणार? म्हणून बरेच पीव्हीटी प्रोजेक्ट शेवटी कोरिलेशनवर, म्हणजे जुन्या मोजमापांवरून बसवलेल्या तयार सूत्रांवर येऊन थांबतात. स्टँडिंगचं 1947 चं कोरिलेशन कॅलिफोर्नियातल्या 22 तेल-वायू मिश्रणांच्या 105 नोंदींवर उभं आहे. ते आपल्याकडच्या मेणचट क्रूडला लावून ते किती टक्के चुकतं एवढंच एक्सेलमध्ये काढायचं, याला मी पीव्हीटीचा प्रोजेक्ट म्हणत नाही.

फ्लोमध्ये हा वांधा कमी. कोअर फ्लडिंग, म्हणजे खडकातून द्रव ढकलून बघणं, करायचं तर दीड इंच व्यासाचा खडकाचा तुकडा आणि भरपूर सबुरी लागते. वेल टेस्टिंगला, म्हणजे विहिरीतल्या दाबाच्या चढउतारावरून खडक ओळखायला, गणिताची आवड हवी. त्यातला हॉर्नर प्लॉट, म्हणजे विहीर बंद केल्यावर दाब कसा चढतो त्याचा ग्राफ, 1951 पासून चालत आलाय, अजून कामाला येतो. सिम्युलेशनला, म्हणजे साठ्याचं कॉम्प्युटर मॉडेल चालवायला, लॅपटॉप पुरतो. त्यासाठीचं ओपीएम फ्लो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि नॉर्वेच्या व्होल्वे क्षेत्राचा डेटा इक्विनॉरनं 2018 मध्ये खुला केला. एसपीई या पेट्रोलियम इंजिनिअरांच्या संस्थेनं सिम्युलेटरांची तुलना करायला दिलेल्या दहाव्या प्रश्नाचं मॉडेल 60 गुणिले 220 गुणिले 85 चं, म्हणजे 11 लाख 22 हजार सेलचं (इथं सेल म्हणजे मॉडेलचा एक ठोकळा) आहे. तिथून सुरुवात मात्र करू नका, लॅपटॉपची दया करा.

सिम्युलेशनचा धोका वेगळा. रंगीत नकाशे सुंदर येतात, पारगम्यता इकडेतिकडे हलवून जुन्या उत्पादनाशी वक्रही जुळतो, आणि मुलांना वाटतं साठा कळला. असे जुळणारे वक्र अनेक निघतात. मग व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक विचारतात, ‘पीव्हीटी टेबल कुठून आणलंत?’ आणि चौघांचा ग्रुप एकमेकांकडे बघतो.

प्रत्यक्ष क्षेत्रात कुठली बाजू जड हे साठ्यावर ठरतं. मुंबई हाय हा चुनखडकाचा, थराथरांचा साठा. तिथली डोकेदुखी मुख्यतः खडकाची, कुठल्या थरातून पाणी आधी घुसेल याची. बाडमेरच्या मंगला क्षेत्रात गोष्ट तेलापासून सुरू होते. 2004 मध्ये सापडलं, 2009 मध्ये उत्पादन सुरू झालं. तिथल्या तेलात इतकं मेण की साठ्याच्या तापमानापेक्षा जरा थंड झालं तरी ते साकळायला लागतं. म्हणून दाब टिकवायला सोडायचं पाणीसुद्धा गरम करावं लागलं, आणि तेल वाहून नेणारी पाइपलाइनही तापती ठेवावी लागली. प्रयोगशाळेतल्या एका तापमानावर एवढं बांधकाम ठरलं.

नोकरीचं म्हणाल तर फ्लोकडे, त्यातही सिम्युलेशनकडे, जागा जास्त. पीव्हीटीच्या लॅब देशात मोजक्याच. पण कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली साठवायची कामं आली की वायू कुठल्या दाबाला कसा वागतो हाच पहिला प्रश्न असतो, तेव्हा पीव्हीटीचं शिक्षण वाया जातं असं नाही.

माझं मत विचाराल तर कॉलेजात चालू स्थितीतला सेल असेल आणि गाइड स्वतः तो हाताळत असतील, तर डोळे मिटून पीव्हीटी घ्या. सिम्युलेटर नंतर घरी बसून शिकता येतो. सेलसमोर बसायला मिळण्याचं वर्ष कदाचित हेच. सेल धूळ खात असेल तर फ्लो घ्या. फक्त पीव्हीटी टेबल आयतं उचलू नका. बीओ आणि व्हिस्कॉसिटी 10 टक्क्यांनी वरखाली करून उत्पादन किती हलतं त्याचा एक पूर्ण चॅप्टर लिहा. परीक्षकांच्या त्या प्रश्नाला मग उत्तर असेल.

आणि फॉर्म भरण्याआधी लॅबमध्ये एक चक्कर मारा. गाइडना नको, लॅब असिस्टंट काकांना विचारा, सेल शेवटचा कधी चालवला होता. काका हसले, तर फ्लो.