घोडबंदरच्या हॉटेलात १,२५० ची प्लेट आम्हाला २,५६४ ला पडली

धाकट्या बहिणीच्या लग्नातल्या हॉटेलच्या बिलाचं हे सगळं लिहायला मला तीन महिने लागले. बाबा नको म्हणत होते, कार्य पार पडलं ना नीट, मग आता त्याला गालबोट कशाला लावतेस, पोरगी तिकडे सुखात आहे. पण मागच्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंनी आईकडे त्याच हॉटेलचा नंबर मागितला, त्यांच्या मुलाचं मे मधे आहे, आणि आई रात्रभर झोपली नाही, सकाळी मलाच म्हणाली लिही बाई सगळं. हॉटेलचं नाव लिहीत नाहीये, तक्रार अजून चालू आहे आणि वकील नको म्हणालेत. बाकी आकडे सगळे खरे आहेत, बाबांच्या डायरीतून बघून लिहिलेत.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. बाबा वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर झालेत, दोन एफडी मोडून धाकटीच्या लग्नाचं बजेट काढलं होतं, हॉल आणि जेवण मिळून ४ लाख, त्याच्या वर एक रुपया नाही असं ठरलेलं. लग्न नोव्हेंबरातलं, गोरज मुहूर्त, माणसं तीनशेच्या आसपास. जूनपासून दर रविवारी हॉल बघायला जायचो आणि शेवटी तीन जागा उरल्या. नौपाड्यातलं एक जुनं कार्यालय, दिवसाचं भाडं १ लाख १० हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, केटरर वेगळा, ५२० रुपये ताट अधिक ५ टक्के. दुसरं वाशीचं मोठं हॉटेल, प्लेट १,६५० आणि १८ टक्के वेगळे, म्हणजे १,९४७. आणि तिसरं हे घोडबंदर रोडचं, १,२५०, "सगळं इन्क्लुडेड".

नौपाड्याचं कार्यालय एकूण तीन लाखांत बसत होतं, पण मुलाकडच्यांना एसी हॉल हवा होता आणि त्या गल्लीत गाड्या लावायच्या कुठे हा प्रश्न होताच. वाशीच्या हॉटेलातल्या बाईंनी चार पानी क्वोटेशन दिलं होतं, त्यात पाण्याच्या बाटलीचा रेट, बाहेरचा डेकोरेटर आणला तर किती, वेळ वाढली तर तासाला किती, १० नंतर म्युझिक बंद, सगळं लिहिलेलं. आम्ही ते वाचून घाबरलो हो, केवढे हे चार्जेस म्हणून. आज कळतंय की त्या तिघांमधे सगळ्यात सरळ माणूस त्याच बाई होत्या. ज्याने लिहून दिलं तो महाग वाटला आणि ज्याने तोंडी गोड बोलून टाकलं तो स्वस्त वाटला.

घोडबंदरच्या हॉटेलात सेल्सचा एक मुलगा होता, असेल पंचवीस सव्वीसचा, फार अदबीने बोलायचा. बाबांच्या पाया पडला पहिल्याच भेटीत. "अंकल, मेरी भी बहन की शादी है अगले साल, आप टेन्शन मत लो" असं म्हणाला. हॉल, स्टेजचं साधं डेकोरेशन, दोन रूम, वेलकम ड्रिंक, पाणी, जेवण, टॅक्स, सगळं १,२५० मधे, फक्त मिनिमम गॅरंटी ३०० प्लेटची. टेस्टिंगला बोलावलं, मसालेभात आणि अळूचं फदफदं खरंच चांगलं केलं होतं, आईला आवडलं. मग म्हणाला तारीख दुसरी पार्टी मागतेय, आजच टोकन दिलं तर लॉक करतो. १ लाख ॲडव्हान्स ठरला, ५० हजारांचा चेक हॉटेलच्या नावाने आणि ५० हजार यूपीआयने, हॉटेलचा क्यूआर चालत नाहीये म्हणून त्याच्या स्वतःच्या नंबरवर. पावती दिली ती पिवळ्या कागदावर हाताने लिहिलेली, तारीख, ३०० पॅक्स (म्हणजे माणसं), १,२५०, ॲडव्हान्स १ लाख, बस. आम्ही म्हटलं क्वोटेशन मेल करा, तो हो हो म्हणाला, आणि मग लग्नाच्या गडबडीत केळवणं, साड्या, पत्रिका, आमच्याकडूनही ते राहिलं.

लग्नाच्या आधी दहा दिवस फोन केला तर कळलं तो मुलगा सोडून गेला. नवीन बँक्वेट मॅनेजर म्हणाला काही काळजी करू नका, बुकिंग सिस्टीममधे आहे. दहा दिवसांत दुसरा हॉल मिळणार होता का?

लग्न सुंदर झालं, हे सांगायलाच हवं. मंगलाष्टकं, आंतरपाट, सगळं वेळेवर. जेवण साडेआठला सुरू झालं. तेव्हा माझ्या मावशीने मला हाक मारून सांगितलं, अगं मी मठ्ठा आणायला उठले तर माझी प्लेट उचलून नेली, अर्धी पुरी आणि श्रीखंड तसंच होतं. वेटर लगेच नवीन प्लेट घेऊन उभा. मी म्हटलं असेल चुकून. नंतर बघितलं तर सगळीकडे तेच, माणूस जिलेबीसाठी उठला की मागून प्लेट गायब, परत आला की नवीन प्लेट हातात. मला वाटलं सर्व्हिस किती चांगली आहे! तिथे प्लेटा मोजून पैसे लागतात हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही.

साडेदहाला मॅनेजरने बाबांना प्लेट काउंटला बोलावलं. बाबा दमले होते, त्यांनी काकांना पाठवलं आणि मी सोबत गेले. किचनच्या मागे धुण्याच्या जागी निळे प्लास्टिकचे क्रेट लावलेले, एका क्रेटमधे २५ प्लेटा. १६ क्रेट आणि वर सुट्या १२. म्हणजे ४१२. कॅप्टनने, म्हणजे वेटरांच्या हेडने, कागद पुढे केला, सही करा. काका तसे शांत माणूस, पण आयुष्यभर स्टोअरकीपर होते, त्यांनी सही न करता वरून तिसरा क्रेट खाली घेतला आणि प्लेटा एकेक करून बघायला लागले. चार पाच प्लेटांनंतर एक प्लेट माझ्यासमोर धरली. तिच्यावर नूडल्स चिकटले होते आणि कडेला टोमॅटो सॉस. आमच्या मेनूत नूडल्स कुठून येणार, आमचं सगळं मराठी जेवण होतं. त्या क्रेटमधे अशा अकरा प्लेटा निघाल्या. खालच्या हॉलमधे संध्याकाळी एका छोट्या मुलाचा वाढदिवस होता, फुगे आम्ही येताना बघितले होते. मी फोटो काढायला लागले तर कॅप्टनने क्रेट उचलून आत नेला. म्हणाला मिक्स हो गया होगा मॅडम, दस बीस कम कर देंगे. एकही कमी केली नाही.

आमची खरी माणसं किती होती ते आम्हाला नशिबाने कळलं. दारात प्रत्येकाच्या हातात पेढ्यांची छोटी पुडी देत होतो, अगदी फोटोवाल्याला आणि सनईवाल्यालासुद्धा, ३५० आणल्या होत्या, ३८ उरल्या. म्हणजे ३१२.

आणि मग बिल. बिलावर वर "एस्टिमेट" लिहिलेलं, जीएसटी नंबर नाही. ४१२ प्लेटांचे ५ लाख १५ हजार. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ५१,५००. त्या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी १ लाख १ हजार ९७०. मग खाली हाताने लिहिलेलं, जनरेटर १८ हजार (लाइट एकदाही गेली नव्हती), बाहेरचा डेकोरेटर आणला म्हणून २५ हजार, डीजे रॉयल्टी १५ हजार, पाणी आणि वेलकम ड्रिंक माणशी ६० प्रमाणे २४,७२०, एक तास जास्त वापरला म्हणून २० हजार. एकूण ७ लाख ७१ हजार १९०. आणि ॲडव्हान्स फक्त ५० हजार धरलेला, कारण दुसरे ५० हजार त्या मुलाच्या पर्सनल अकाउंटला गेलेत, "वो हमारे पास नहीं आया". पिवळी पावती दाखवली तर म्हणाला ही हॉटेलची पावतीच नाही.

बाबा उरलेले २ लाख ७५ हजार आणि वर ५० हजार जास्तीचे तयार ठेवून आले होते. त्या माणसाच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं. आम्ही भांडलो, आवाज चढले, तेवढ्यात वरून बहिणीची मैत्रीण धावत आली, रूमचं कार्ड चालत नाहीये. त्या रूममधे बहिणीच्या साड्या, दागिने, तिची बॅग, सगळं होतं. रिसेप्शनवर विचारलं तर बिल सेटल झालं की ॲक्टिव्हेट होईल. बारा वाजत आलेले, मुलाकडची माणसं लॉबीत सोफ्यावर बसलेली, सासूबाई विचारतायत निघायचं ना. मुलीकडच्यांची ही जी वेळ असते ना, त्या वेळेचाच हे लोक फायदा घेतात. तेव्हा कोणी पोलिसांना फोन करत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

ॲडव्हान्सचे ५० हजार वजा करून, जास्तीच्या तासाचे २० हजार आणि वरचे किरकोळ सोडून ७ लाखांवर आणलं. बाबांचे सव्वातीन, माझ्या नवऱ्याचं क्रेडिट कार्ड २ लाख, काकांच्या यूपीआयचं दिवसाचं लिमिट १ लाख. ७५ हजार कमी पडत होते. आईने पिशवीतून आहेराची पाकिटं काढली आणि तिथे लॉबीच्या कोपऱ्यात खांबाआड बसून एकेक फाडून नोटा मोजल्या. पाकिटांवर नावं होती, कोणी किती दिले ते नंतर लिहायचं असतं, ते लिहिणं राहिलं. आई अजून त्याचंच वाईट वाटून घेते, पैशांचं नाही.

तर ७ लाख तेव्हाचे, ५० हजार चेकचे, ५० हजार त्या मुलाला, एकूण ८ लाख. ३१२ माणसांनी भागा, माणशी २,५६४. वाशीच्या "महाग" हॉटेलात तेवढीच माणसं ६ लाख ७ हजारांत जेवली असती.

आठवड्याने मी पक्क्या बिलासाठी मागे लागले, रोज फोन, शेवटी मेल. तेव्हा जे इन्व्हॉइस आलं ते बघून माझे हात थरथरायला लागले. ३०० प्लेट, १,२५० दर, ३ लाख ७५ हजार, जीएसटी ५ टक्के १८,७५०, एकूण ३ लाख ९३ हजार ७५०. म्हणजे सरकारला दाखवायला तीनशेच प्लेटा आणि ५ टक्के, आणि आमच्याकडून ४१२ आणि १८ टक्के. ओळखीच्या सीएने समजावलं की जिथे रूमचं भाडं दिवसाला ७,५०० च्या वर असतं, किंवा ज्या हॉटेलने स्वतःहून तसं डिक्लेअर केलंय, तिथे जेवणावर १८ टक्के लागतात, बाकी हॉटेलात ५. इथल्या रूम ३,८०० च्या. आणि बिलावर १५ अक्षरी जीएसटी नंबर नसेल, आपल्या महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, तर त्या कागदावर जीएसटी मागण्याचा हक्कच नाही. तो नंबर जीएसटीच्या साइटवर टाकला की कोणाच्या नावावर आहे तेही दिसतं, एक मिनिटाचं काम आहे, आम्ही जूनमधे केलं असतं तर.

सर्व्हिस चार्जचं तर असं आहे की तो बिलात आपोआप लावताच येत नाही, ग्राहक प्राधिकरणाने २०२२ च्या जुलैमधे तशा सूचना काढल्यात आणि मार्च २०२५ मधे दिल्ली हायकोर्टानेही त्या कायम ठेवल्या. मी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली, एस्टिमेट आणि इन्व्हॉइस दोन्ही जोडून. दीड महिन्याने ५१,५०० परत आले. तेवढेच. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली आहे, सरकारच्या ई-जागृती पोर्टलवर. फी किती माहितीये, २०० रुपये, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तीही नाही. दोन वर्षांच्या आत करता येते. लोकांना वाटतं वकील, कोर्ट, चपला झिजवणं, म्हणून सोडून देतात. मी सोडणार नाहीये. त्या मुलाला दिलेल्या ५० हजारांचा अर्ज पोलीस चौकीत वेगळा दिलाय.

काकूंना मी हे सगळं घरी जाऊन सांगितलं आणि एक गोष्ट तीनतीनदा सांगितली, प्लेट कितीची हे विचारण्याआधी प्लेट मोजणार कशी ते विचारा. वापरलेल्या प्लेटा मोजणार असतील तर आपला एक माणूस जेवण सुरू व्हायच्या आधी स्वच्छ प्लेटांच्या थप्पीपाशी उभा पाहिजे, शेवटी क्रेट मोजून काही उपयोग नाही. आणि दागिन्यांची बॅग हॉटेलच्या रूममधे ठेवू नका, गाडीत ठेवा, नाहीतर घरच्या माणसाच्या मांडीवर.

गेल्या रविवारी आत्याच्या मुलीसाठी खारघरला एक हॉटेल बघायला गेलो होतो. मॅनेजर मेनू कार्ड उघडतोय तोवर बाबांनीच विचारलं, प्लेटा कोण मोजणार? आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. तो माणूस म्हणाला काका आमच्याकडे कुपन असतं, तुम्हीच वाटायची, आणि ड्रॉवरमधून नंबर छापलेलं एक पुस्तक काढून दाखवलं. बाबांनी ते हातात घेऊन पानं चाळली, आणि म्हणाले हेच लेटरहेडवर लिहून द्या, सही शिक्क्यासकट. त्याने लिहून दिलं.