जुन्या बसला आरसे: मूळचे गोल की आताचे लांबट?

टाटा-मर्सिडीजच्या काळातली बस घेऊन तिचं फिरतं घर करताय ना, मग आतल्या किचनच्या आधी आरशांचं बघा. मूळचे गोल क्रोमवाले दिसायला फार सुंदर, पण काच सपाट, त्यामुळे मागच्या गाडीचं अंतर बरोबर कळतं आणि बाजूचं मात्र जेमतेम दिसतं, त्यात बाहेरून ऑनिंग (बाजूला ओढायचं कापडी छत) लावलं की उरलेलंही तेच अडवतं. शिवाय गोव्याची खारी हवा, क्रोमखाली गंज धरायला वेळ लागत नाही.

आताच्या बसचे लांबट आरसे म्हणजे वर सपाट काच, खाली फुगीर. फुगीर काचेत मागचं चाक, स्कूटरवाला, गटाराची कड सगळं दिसतं, फक्त वस्तू लहान नि लांब वाटते, म्हणून लेन बदलताना भरवसा वरच्या काचेवरच ठेवायचा. दांडा लांब असतो, एकाच ठिकाणी पकडला तर इंजिन आयडलिंगला असताना काच नुसती थरथरते, वर-खाली दोन पकडी हव्यात आणि पत्र्याला आतून जाड पट्टी हवीच. नट-बोल्ट 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, खाऱ्या हवेत ते नेहमीच्या 304 ग्रेडपेक्षा चांगले टिकतात.

मी तरी लांबटच लावीन, चोर्ला घाटातली वळणं आणि म्हापशाचा शुक्रवारचा बाजार बघता दुसरं काही पटतच नाही. गोलच हवे असतील तर खाली छोटा फुगीर आरसा जोडा आणि ब्रॅकेट जुन्याच भोकांत बसेल असा करून घ्या, नवी भोकं पाडू नका.