बसेल की, ताई!

दुकानात चालवून दाखवलेली कॉम्प्युटरची रॅम घरी चालली नाही असं सांगितलं, की ऐकणारा आधी माझ्याच मशीनवर संशय घेतो. चार दिवस मीही तेच करत होते.

पुण्यात नारायण पेठेत माझं डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावायचं, छोटं काम आहे. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, मधूनच एखादा प्रबंध. मशीन साधंच: एच४१० मदरबोर्ड, दहाव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीची एक पट्टी. फोटोंनी भरलेला दोनशे पानी अहवाल उघडला की चहा करून येईपर्यंत स्क्रीन हलायची नाही. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव असे कडाडले की नवी पट्टी घेणं मी पुढे ढकलत राहिले. शेवटी अहवालांचा हंगाम तोंडावर आला आणि तपकीर गल्लीच्या आसपास फिरताना एका गाळ्यात ‘जुनी पण ब्रँडेड’ रॅम मिळाली. १६ जीबीच्या दोन पट्ट्या, साडेचार हजार.

मी अगदीच अडाणी नव्हते. डीडीआर४च, म्हणजे माझ्या बोर्डाला लागते त्याच पिढीची आहे ना, विचारलं. हो म्हणाला. माझ्या बोर्डावर बसेल? “बसेल की, ताई! डोळे झाकून घेऊन जा.”

तो खोटं बोलला नाही, हे मला नंतर कळलं. ती बसलीच.

माझ्या जुन्या पट्टीवर एकाच बाजूला आठ काळे चौकोन आहेत. ह्यांच्यावर दोन्ही बाजूंनी नुसती दाटी, वर मधोमध एक वेगळ्याच आकाराची चिप. ते खटकलं म्हणून विचारलं, तर म्हणे, “जास्त चिप म्हणजे जास्त पॉवर.” मग त्यानं काउंटरवरच्या मशीनला त्या पट्ट्या लावल्या, विंडोज उघडलं आणि ३२ जीबी दाखवलं. डोळ्यांनी पाहिल्यावर आणखी काय विचारणार? त्यानं प्रत्येक पट्टीवर आपल्या दुकानाचा वॉरंटीचा स्टिकर चिकटवला, कंपनीच्या लेबलवरच, आणि बजावलं, “हा फाटला की वॉरंटी गेली.” हातात कच्ची चिठ्ठी दिली. तिच्यावर फक्त ‘रॅम २ नग’.

घरी पट्ट्या लावल्या. पंखा फिरतोय, डिस्प्ले नाही. काढल्या, खोडरबरानं सोनेरी पाय घासले, परत लावल्या. एकेक लावून पाहिली, स्लॉट बदलले. काही नाही. जुनी लावली की मशीन मुकाट सुरू.

दुसऱ्या दिवशी अख्खं कॅबिनेट रिक्षात घालून त्याच्याकडे नेलं. “बायोस जुना आहे.” म्हणजे बोर्डातलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर. त्याच्या अपडेटचे पाचशे आणि दोन दिवस गेले. मग निदान बदललं: “बोर्ड वीक आहे, ताई. माझ्याकडे एक चांगला बोर्ड पडलाय, लावून देतो.” खरं सांगते, मी पर्स उघडली होती. आज त्या पाच मिनिटांचीच जास्त लाज वाटते.

शेजारी इंजिनिअरिंगचा एक मुलगा राहतो. त्यानं पट्टी हातात घेतली, चिपा मोजल्या आणि म्हणाला, “काकू, स्टिकर फाडू?” मी म्हटलं, वॉरंटी जाईल. “वॉरंटी कशाची?” खाली लेबलवर होतं: ‘२आरx४ पीसी४-२४००टी-आरए१’. २४००टीच्या पुढचा तो ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड. ही सर्व्हरची, म्हणजे कंपन्यांच्या मोठ्या मशीनची रॅम. हिच्यात प्रोसेसरकडून येणारे आदेश त्या मधल्या चिपमधून पुढे जातात, आणि माझ्यासारख्या घरगुती बोर्डाला अशी रॅम वापरताच येत नाही. घरगुती रॅमच्या लेबलवर त्याच जागी ‘यू’ असतो, अनबफर्डचा, म्हणजे ती मधली चिप नसलेली. दुकानदारानं स्टिकर नेमका माझ्या पट्ट्यांवरच्या त्या ‘आर’वर बसवला होता.

आपली समजूत अशी की चुकीची रॅम स्लॉटमध्येच जाणार नाही. डीडीआर३ला २४० पिना, डीडीआर४ला २८८. डीडीआर५लाही २८८च, पण पट्टीच्या कडेवरची खाच सरकवलेली. त्यामुळे पिढी चुकली तर पट्टी बसतच नाही. डीडीआर४मध्ये मात्र सर्व्हरच्या आणि घरच्या पट्टीची खाच एकाच जागी आहे. म्हणून ‘बसेल का’ हा माझा प्रश्नच चुकला. डीडीआर५मध्ये दोन्हींच्या खाचा वेगळ्या केल्या आहेत, पण माझ्या बोर्डाला त्याचा काय उपयोग!

मग त्याच्या मशीनवर कशी चालली? पोरगा माझ्याबरोबर दुकानात आला, काउंटरवरच्या कॅबिनेटमध्ये डोकावला आणि हसला. आत एक्स९९ बोर्ड आणि झिऑन हा सर्व्हरचा प्रोसेसर. असल्या जोडीवर सर्व्हरची रॅम बहुधा चालते. म्हणजे दाखवायचं मशीन मुद्दाम तसलं ठेवलेलं.

दुकानदारानं आवाज चढवला, स्टिकर फाटल्याचं सांगितलं, चिठ्ठीवर ‘डेस्कटॉप’ कुठे लिहिलंय विचारलं. मी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला फोन करते म्हटल्यावर दोन हजार टेबलावर ठेवले. मी घेतले. पक्कं बिल असतं तर भांडले असते. त्या चिठ्ठीवर दुकानाचं नावसुद्धा नव्हतं.

नवी पट्टी टिळक रोडवरून घेतली, एकच, १६ जीबीची, दुप्पट पैसे मोजून. ह्या वेळी आधी माझ्या बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर जाऊन चालणाऱ्या रॅमची यादी काढली आणि मॉडेल नंबर कागदावर लिहून नेला. लेबलवरचा ‘यू’ पाहिला. बिलावर ‘अनबफर्ड, नॉन-ईसीसी, न चालल्यास ७ दिवसांत परत’ असं त्या दुकानदाराच्याच हातानं लिहून घेतलं. नॉन-ईसीसी म्हणजे सर्व्हरच्या रॅममधली चुका सुधारायची सोय नसलेली. तो म्हणाला, “मॅडम, एवढं कुणी विचारत नाही.” घरी रात्रभर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ चालू ठेवलं, सकाळी एकही चूक नव्हती.

त्या दोन पट्ट्या ड्रॉवरमध्ये आहेत. कुणाकडे झिऑनचं मशीन असेल तर कळवा, विकायच्या आहेत. दोन्ही चालू आहेत, हे मी शपथेवर सांगते. स्वतः पाहिलंय, त्याच्या काउंटरवर.