रिकामं खोकं मीच विकलं होतं

पहिली शंका आली ती पावसामुळे. जुलैत आठवीच्या मुलांना विज्ञानाची सराव प्रश्नपत्रिका काढून दिली होती. दुसऱ्या दिवशी शिकवणीला आलेल्या एका मुलीनं दप्तरातून भिजलेला कागद काढला आणि म्हणाली, "बाई, पेपर रडला." बघते तर प्रत्येक अक्षराखाली जांभळट ओघळ. पेशीच्या आकृतीचा तर नुसता डाग झालेला.

बाकी कुणी म्हणालं असतं, पावसात भिजला, चालायचंच. पण माझ्या प्रिंटरची मूळ काळी शाई पिगमेंटची आहे. तिच्यातले रंगाचे कण एकदा कागदावर वाळून बसले की पाण्याचा थेंब पडला तरी फारसे हलत नाहीत. पाण्यात जांभळी होऊन पळते ती डायची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई. ती मला चांगलीच ओळखीची, कारण तिची बाटली आमच्याच कपाटात होती. आणि प्रिंटरमध्ये तर आठच दिवसांपूर्वी आणलेलं, सीलबंद, नवंकोरं काळं कार्ट्रिज, म्हणजे शाईची डबी होती!

आमच्याकडे कार्ट्रिज घरीच भरतात, हे सांगायला मला लाज नाही. नव्याची किंमत आणि शिकवणीची फी यांचा मेळ बसत नाही. रविवारी दुपारी आमचे हे फरशीवर जुने पेपर पसरतात, मेडिकलमधून आणलेली सिरिंज घेतात आणि कार्ट्रिजच्या डोक्यावरचं लेबल अलगद सोलतात. काळ्याला एक भोक, रंगीताला तीन. कुठल्या भोकात कुठला रंग ते टूथपिक बुडवून बघायचं, अंदाजानं कधीच नाही. आत स्पंज असतो. त्याला शाई थेंबाथेंबानं पाजायची आणि वर ओल चमकली की थांबायचं. हावरटपणा केला की रंगीतात पिवळ्याचा हिरवा झालाच म्हणून समजा. शेवटी भोकावर टेप लावायची, पण हवेला वाट ठेवायची. घट्ट बंद केलं तर शाई खाली उतरत नाही. मग खालचं तोंड ओल्या टिश्यूवर टेकवायचं. रंगीताचे निळा, गुलाबी, पिवळा असे तीन स्वच्छ पट्टे उमटले की ह्यांचा चहा आणि माझे प्रिंट.

हे चार-पाच वेळा जमतं. आमच्या प्रिंटरला छापणारं तोंड कार्ट्रिजलाच जोडलेलं आहे. शाई क्षणभर तापते, बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर ढकलला जातो. शाई संपल्यावरही छापत राहिलं की ते तोंड जळतं. मागच्या खेपेला मी तेच केलं. घटक चाचणी तोंडावर होती, थांबले नाही. म्हणून नवं आणावं लागलं.

सांगलीतल्याच एका दुकानातून आणलं. नाव लिहीत नाही. इतरत्र साडेनऊशेच्या आसपास असलेलं कार्ट्रिज तिथं साडेसातशेला मिळालं. "कंपनीची स्कीम आहे मॅडम, स्टॉक थोडाच उरलाय." बिल मागितलं तर, "पक्कं पाहिजे असेल तर जीएसटी वरून लागेल." मी कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानलं. पैसे फोनवरून पाठवले तेव्हा स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता कुणा भलत्याच माणसाचं आलं. तेही मी पाहिलं आणि सोडून दिलं. शिकवणीत एकेका गुणासाठी मुलांचे कान उपटणारी मी!

घरी येऊन बसवलं तर प्रिंटरनं इंग्रजीत सांगितलं, की कार्ट्रिज वापरलेलं किंवा बनावट आहे. दुकानात फोन केला. "असं येतंच हो, ओके दाबा आणि चालू ठेवा." मी ओके दाबलं. मशीननं खरं सांगितलं आणि मी माणसाचं ऐकलं.

पेपर रडल्यावर मात्र कार्ट्रिज बाहेर काढलं आणि खिडकीशी बसून भिंगातून पाहिलं. मागच्या तांब्याच्या ठिपक्यांवर बारीक टोचल्याच्या खुणा होत्या. कार्ट्रिज बसवलं की प्रिंटरच्या पिना तिथं दाबतात, त्यामुळे एका बसवण्याची खूण समजण्यासारखी होती. पण इथं एकेका ठिपक्यावर शेजारीशेजारी दोन-तीन टोचे. मी तर एकदाच बसवलं होतं. पाकीट अजून कचऱ्यात होतं, ते काढलं. वरच्या कडेला सीलच्या दोन रेषा, एक सरळ आणि एक जराशी तिरकी. दुधाची पिशवी मेणबत्तीवर चिकटवली की दिसते तशी. तोंडावरची पट्टी साधी पारदर्शक टेप निघाली होती, तिचा चिकटा तांब्यावर राहिला होता. लेबलाचा कोपरा नखानं उचलला तर खाली भोक, आणि त्यावर ग्लूगनचा पिवळट गोळा. आमच्या ह्यांच्यापेक्षा हात चांगला होता, एवढं मान्य करते.

कार्ट्रिज भरण्याबद्दल माझी तक्रार नाही. ‘रिफील’ म्हणून दोनशेला विकलं असतं तर कदाचित घेतलंही असतं. भरलेलं कार्ट्रिज नव्याच्या खोक्यात घालून विकलं, ही चोरी. आणि खोकं खरं होतं, छपाई, स्टिकर, सगळं. कंपनीचं खरं खोकं त्याच्याकडे आलं कुठून, हा विचार करताना माझा हात थांबला.

गेल्या वर्षी याच दुकानात मी रिकामी कार्ट्रिज विकली होती. नुसतं दिलं तर चाळीस रुपये, "खोक्यासकट, पाकीट नीट कापलेलं असेल तर साठ." मी खोकी नीट जपून, कडेनं उघडून, पिशवीत घालून नेऊन दिली होती. मुलगा म्हणालाही, "आई, कचऱ्यातून कमाई." ते खोकं माझंच होतं असं मी म्हणत नाही. पण कुणातरी माझ्यासारखीचंच होतं.

दुकानात गेले. मालकानं कार्ट्रिज हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, सील तुम्ही फोडलंत. आता कुणी भरलं ते मला काय माहीत? तुम्ही तर घरी भरता, मागे तुम्हीच सांगितलं होतं." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घरी भरणाऱ्या गिऱ्हाइकाची ओरड कोण खरी मानणार? मग त्यानं मोठेपणानं त्याच फळीवरचं दुसरं खोकं पुढे केलं. मी घेतलं नाही.

घरी येऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन लावला. पलीकडच्या मुलीनं पहिल्यांदा बिलच विचारलं. चिठ्ठी, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, खुणांचे आणि दुहेरी सीलचे फोटो एवढं होतं, ते दिलं. तक्रारीचा क्रमांक मिळाला. तिथं न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. बनावट मालावर कंपनीचं चिन्ह वापरून विकणं हा ट्रेड मार्क्स कायदा 1999 खाली गुन्हाही आहे, कैद सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. हे सगळं वाचून मी फुशारले होते. पण साडेसातशेसाठी तारखा कोण करणार, हे दुकानदाराला माझ्याआधी ठाऊक होतं. पंधरा दिवसांनी त्याचाच फोन आला. पाचशे परत देतो, तक्रार मागे घ्या. मी घेतले. दरम्यान ते कार्ट्रिज आतल्या आत गळलं होतं आणि प्रिंटर पुसून, साफ करून घ्यायला सहाशे गेले. हिशेब तुम्हीच करा.

आता नवं घेतलं की दुकानातच, बिल हातात आल्यावर, पाकीट फोडते, तांब्याच्या ठिपक्यांवर मोबाइलचा टॉर्च मारते आणि काउंटरवरच फोटो काढते. दुकानदार तोंड वाकडं करतात, करू देत. आणि संपलेल्या कार्ट्रिजचं खोकं कात्रीनं चार तुकडे करून टाकते, स्टिकरवर काळ्या पेनानं फुली.

परवा नेहमीचा भंगारवाला रद्दी तोलत होता. त्यात ते तुकडे दिसले तसा तो चुकचुकला. "ताई, खोकं का कापलं? अख्खं असतं तर वीस रुपये दिले असते की."