माजी खेळाडूच्या हातचे गटिंग

राजारामपुरीतील एका गल्लीत क्रीडासाहित्याचे छोटे दुकान आहे. तेथे बॅडमिंटनच्या रॅकेटचे गटिंग, म्हणजे तारा ओवून ताणण्याचे काम, करून देणारे गृहस्थ पूर्वी राज्यस्तरावर एकेरी खेळत असत. गुडघ्याच्या दुखण्याने त्यांना स्पर्धा सोडाव्या लागल्या, परंतु इतकी वर्षे कोर्टावर जे शिकले ते त्यांच्या कामात जागोजागी दिसते, आणि त्यासाठीच मी कोल्हापुरातील प्रत्येक होतकरू खेळाडूला तेथे जाण्यास सांगेन.

रॅकेट हाती आली की ते तुटलेली तार लगेच काढून टाकत नाहीत; आधी ती कोठे तुटली आहे हे पाहतात. मधोमध झिजून तुटली असेल तर तारेचे आयुष्य संपले एवढाच त्याचा अर्थ. मात्र वरच्या बाजूला फ्रेमलगत तुटली असेल, तर शटल वारंवार भलत्याच जागी लागत आहे हे ते खेळाडूला स्पष्ट सांगतात. मग एकेक ग्रोमेट (फ्रेमच्या भोकातली, तार जाते ती प्लास्टिकची नळी) बोटाने चाचपून, चिरलेली बदलूनच तार ओवायला घेतात. आडव्या तारांना उभ्यांपेक्षा दोनेक पौंड अधिक ताण देतात, त्यामुळे फ्रेमचा आकार बिघडत नाही.

माझ्या मुलीने २७ पौंडांचा हट्ट धरला होता. त्यांनी तिचे मनगट पाहिले, ती कोणते फटके अधिक खेळते हे विचारले आणि २३ पौंड ठरवले. "पोरी, आधी हात तयार होऊ दे, पौंड काय पळून जात नाहीत," असे ते म्हणाले. ताण वाढला की शटलवर नियंत्रण येते, पण तारेची उसळी कमी होते आणि फटका नीट बसण्याची जागाही आक्रसते. ती कसर खांद्याला भरून काढावी लागते. ते खेळत तेव्हा पुरुषांचा गेम १५ गुणांचा होता आणि सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच गुण मिळे. २००६ पासून २१ गुणांच्या पद्धतीत प्रत्येक रॅलीला गुण जातो, त्यामुळे न पेलणाऱ्या ताणाची किंमत लगेच मोजावी लागते, हे त्यांनी तिला शांतपणे पटवून दिले. गिऱ्हाईक म्हणेल तो आकडा यंत्रावर लावणे त्यांना सहज शक्य होते.

शटलच्या बाबतीतही त्यांचा सल्ला मोलाचा आहे. कोल्हापूर सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने, विशेषतः उन्हाळ्यात, पिसांचे शटल लांब जाते. तेव्हा ते ७७ ऐवजी ७६ क्रमांकाचे, म्हणजे कमी वेगाचे, घ्यायला सांगतात.

दुकानात नंदू नाटेकरांचे छायाचित्र आहे. शेजारच्या सांगलीत जन्मलेल्या या खेळाडूने १९५६ मध्ये परदेशातील स्पर्धा जिंकली, ते कोणाही भारतीय बॅडमिंटनपटूचे पहिले आंतरराष्ट्रीय विजेतेपद. कुस्ती आणि फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या या गावात मुलांना ही माहिती मिळते, याचे मला मनापासून समाधान वाटते.

उणीव एकच, पण त्रासदायक आहे. काम एकहाती असल्याने स्पर्धांच्या दिवसांत रॅकेट ठरल्या वेळी मिळत नाही, आणि किती ताण दिला याची चिठ्ठी ते लावत नाहीत. ताणाचा आकडा विचारून आपणच लिहून ठेवावा आणि स्पर्धा असेल तर रॅकेट निदान आठवडाभर आधी द्यावी.