मार्लिनसाठी कुठे जायचं: केर्न्स, कोना की मॉरिशस?

मार्लिन म्हणजे भाल्यासारख्या चोचीचा, गळाने पकडायचा अवाढव्य समुद्री मासा. केर्न्सच्या बोटीवर त्याच्यासाठी आमिष बांधताना पाहिलं की कोकणी माणसाचा जीव तुटतो. चांगली हातभर सुरमई, आपल्याकडे जिच्या तुकड्यांवर घरभर पाहुणे जेवतील, तिचं तोंड सुई-दोऱ्याने शिवायचं, डोक्याशी भलामोठा गळ बांधायचा आणि बोटीमागे ओढत न्यायची. एक आमिष पाण्यावर उड्या मारत येतं, दुसरं जरा खालून पोहत येतं. एवढा घास लावतात, कारण खाणारी तशीच दांडगी असते. खाणारीच म्हणायचं. मार्लिनमध्ये धिप्पाड असते ती मादी. निळ्या मार्लिनचा नर दीडशे किलोच्या पुढे क्वचितच जातो.

ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सपासून उत्तरेला लिझर्ड बेटापर्यंत ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळांच्या रांगेची जी बाहेरची कड आहे, तिथे सप्टेंबर ते डिसेंबर काळ्या मार्लिनच्या माद्या अंडी घालायला येतात. 1966 साली जॉर्ज ब्रॅन्सफर्ड या अमेरिकन माणसाच्या बोटीवर इथे हजार पौंडांच्या, म्हणजे 454 किलोंच्या वरचा मासा गळाला लागला आणि केर्न्सचं नाव जगभर झालं. असा मासा आयुष्यात एकदा तरी ओढायचा, हेच स्वप्न असेल तर दुसरीकडे बघू नका. मात्र किंमत मोजायची तयारी ठेवा. चांगल्या जागा बंदरापासून लांब, त्यामुळे बोटीवरच मुक्काम, तोही चार-पाच दिवसांचा. सकाळ आमिषाचे मासे पकडण्यात जाते, मार्लिनचा खेळ उशिरा सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत चालतो. रीफच्या बाहेर आग्नेयेचा वारा सुटला की पोटातलं पोटात राहत नाही. रात्री रीफच्या आडोशाला नांगर टाकतात, तेवढाच दिलासा.

कोनाचा कारभार अगदी उलटा. हवाईच्या मोठ्या बेटावर माउना लोआ आणि हुआलालाई हे दोन ज्वालामुखी वारा अडवून उभे आहेत, म्हणून त्यांच्या आडोशाचं पाणी बहुतेक दिवस तळ्यासारखं असतं. होनोकोहाऊ बंदरातून निघालात की थोड्याच वेळात बोटीखाली हजार मीटर पाणी. त्यामुळे इथे अर्ध्या दिवसाचीही बोट मिळते आणि अनोळखी लोकांबरोबर वाटून घेता येणारीही. मासा निळा मार्लिन; वर्षभर मिळतो, उन्हाळ्यात जास्त. पॅसिफिकमधल्या निळ्या मार्लिनचा 624 किलोंचा विक्रम 1982 साली इथलाच. इथे मुख्यतः झालरवाली नकली आमिषं सात ते नऊ नॉटच्या वेगाने ओढतात. वेळ पडली तर छोटा जिवंत कुपा (ट्यूना) गळाला बांधून सोडतात.

काळा आणि निळा ओळखायचा कसा? कल्ल्यामागचा पंखासारखा पर धरून अंगाला मिटवून बघायचा. निळ्याचा मिटतो, मोठ्या काळ्याचा ताठच राहतो. पण बोटीवर प्रत्यक्ष हे करायची वेळ येते तेव्हा तुम्ही इतके थकलेले असता की खलाशी सांगेल तो रंग मान्य करता.

आणि रंग म्हणाल तर तो बघण्यासाठीच मी जाईन. आमिषामागे आलेला मार्लिन आधी तपकिरी सावलीसारखा दिसतो. हल्ल्याच्या तयारीत आला की अंगात दिवा लागल्यासारखा निळा-जांभळा पेटतो. मग चोचीचा फटका, रिळाची किंकाळी, आणि बघता बघता तीन-चारशे मीटर तंगूस गायब. डोळ्याजवळच्या एका बदललेल्या स्नायूतून उष्णता निर्माण करून हा मासा मेंदू आणि डोळे गरम ठेवतो, म्हणून थंड, खोल पाण्यातही त्याची नजर मंदावत नाही. कोनात तो खोल गेला तर खुर्चीत बसून तासन् तास इंचाइंचाने वर आणावा लागतो. तुमच्या पाठीचं दुखणं जुनं असेल तर हे आधी तांडेलाला सांगा. रॉडला दुसऱ्याने हात लावला तर विक्रमाच्या नोंदीत तो मासा धरत नाहीत, पण पहिल्या खेपेला विक्रमाचं काय करायचंय? मदत मागा.

मॉरिशस आपल्याला सोयीचं. मुंबईहून थेट विमान, भारतीयांना आगाऊ व्हिसा लागत नाही, आणि मराठी घराणीही राहतात अशा या बेटावर गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. पश्चिमेला ब्लॅक रिव्हर आणि ल मोर्नच्या समोर समुद्र झपाट्याने खोल होतो. नोव्हेंबर ते मार्च निळ्या मार्लिनचा हंगाम. वादळांचाही तोच, म्हणून हातात एक-दोन दिवस जास्तीचे ठेवा. घरचे किनाऱ्यावर, तुम्ही समुद्रात, असं सहज जमतं ते इथे. कोनातही जमेल, पण मुंबईहून तेवढ्यासाठी हवाई गाठणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी मात्र डोळे मिटून कोनाच घ्यावं.

माझं अडतं ते माशाचं पुढे काय होतं यावर. केर्न्सला मासा खुणेची चिठ्ठी टोचून सोडून देण्याचीच रीत आहे, आणि ऑस्ट्रेलियात व्यावसायिक मच्छीमारांनाही काळा-निळा मार्लिन ठेवायला बंदी आहे. हवाईत मार्लिन विकता येतो. 2012 च्या अमेरिकन कायद्याने अशा माशांच्या विक्रीवर बंदी आणली तेव्हा हवाईला सूट मिळाली. त्यामुळे पुष्कळ बोटींवर मासा बोटीचा, तुमचा नव्हे, असा रिवाज आहे. मॉरिशसमध्ये धुरी दिलेला मार्लिन हा खास पदार्थ, तेव्हा तिथेही मासा धक्क्यावर येण्याची शक्यता मोठी. निळा मार्लिन आज धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे, आणि मार्लिनच्या मांसात पारा इतका असतो की गरोदर बायकांना तो टाळायलाच सांगतात.

वजन कळायला मासा टांगावा लागत नाही. खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंतची लांबी आणि पोटाचा घेर इंचांत घ्या. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 800: उत्तर पौंडांत. लांबी 110, घेर 55 असेल तर 416 पौंड, म्हणजे 189 किलोंच्या आसपास. पट्टी बोटीच्या कडेलाच धरायची, मासा पाण्यात ठेवून.

म्हणून मॉरिशस असो की कोना, आगाऊ पैसे भरण्याआधी फोनवर एकच विचारा: मासा सोडणार का? उत्तरात ‘बघू, तब्येतीवर आहे’ आलं तर ते खरंही असेल. दमून मेलेला मासा सोडून उपयोग नसतो. पण ‘आधी पकडा तर खरं’ म्हणून कोणी हसला, तर मी दुसरी बोट शोधतो.